एमजीबी १९७० – क्लच पेडल तळाला जातंय, गिअर पडत नाही, स्लेव्हचं किट दोनदा टाकून पण तेच

मये_रोडस्टर (धागाकर्ता) – ११ जून

नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर, १९७० ची, राइट हँड, मामांची. मामा गेल्यावर मामीने चावी माझ्या हातात दिली तेव्हा गाडी घरामागच्या शेडात ताडपत्रीखाली चार पावसाळे उभी होती. इंजिनाने काही त्रास दिला नाही. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडल्या उघडल्या सांगितलं, हे तर अँबॅसडरच्या इंजिनाचं थोरलं भावंड, आणि ते खरंच आहे, अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल आणि हे १७९८ सीसी दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजचीच.

त्रास क्लचचा आहे. मार्चमध्ये पेडल मऊ लागायला लागलं, क्लचच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी व्हायला लागलं, खाली स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी बूट ओलं. एका गॅरेजात किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकून घेतलं, तीन आठवडे छान, मग परत तेच. परत किट, या वेळी दोन आठवडे.

गेल्या रविवारी रायबंदरच्या फेरीबोटीच्या लायनीत होतो, चोडणमार्गे घरी जायला. लायनीत पुढे-मागे करताना पेडल प्रत्येक वेळी थोडं थोडं खाली जातंय हे पायाला कळत होतं, पण कशीबशी बोटीत चढवली. चोडणला बोट लागली, पुढच्या गाड्या उतरल्या, मी क्लच दाबला तर पाय सरळ कार्पेटला टेकला, वजन काही नाहीच, जसं पेडल कुठे जोडलेलंच नाही. पहिला टाकायला गेलो तर खर्रर्र करून सगळी बोट वळून बघते. फेरीवरच्या पोरांनी आणि मागच्या दोघा पिकअपवाल्यांनी मिळून गाडी रॅम्पवरून ढकलत वर काढून दिली, त्यांचे उपकार. वर इंजिन बंद करून पहिल्यात टाकून स्टार्टरवरच उचलली आणि क्लच न वापरता मयेपर्यंत आणली.

आता गॅरेजवाले म्हणतात इंजिन उतरवून पूर्ण क्लच बदला. चवथीच्या आधी गाडी चालू पाहिजे, मामीला माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या) बाजाराला त्यातून न्यायचं ठरलंय. काय करू?

फोंडा_ओव्हरऑल – ११ जून

दोनदा किट टाकून झालं म्हणजे आता सगळंच बदला. मास्टर (पेडलकडचा सिलिंडर), स्लेव्ह, होज (दोघांमधली रबरी नळी), क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. एमजीबीला क्लच बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढावंच लागतं, नुसता गिअरबॉक्स खालून निघत नाही, मग एकदाच काढा आणि मोकळे व्हा.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – ११ जून

इंजिनाला हात लावू नको रे बाबा एवढ्यात. चाळीस वर्षं हेच काम केलं मी, आणि ज्या गाड्यांचं इंजिन क्लचसाठी उगाच उतरवलं गेलं त्यातल्या निम्म्यांचा दोष पेडल आणि स्लेव्हच्या मधे होता.

आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. क्लच घसरतो का सुटत नाही? घसरतो म्हणजे चढावर रेस वाढते पण गाडी पळत नाही, तो प्लेटचा आजार, किंवा क्वचित मास्टरमधलं परतीचं बारीक भोक बुजलेलं असतं आणि दाब मागे येत नाही. तुझा सुटत नाही. पेडल दाबलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच राहतात म्हणून खर्रर्र. हा बहुतेक वेळा ऑइलचा, हवेचा किंवा झिजलेल्या पिनचा आजार.

उद्या एवढं बघ आणि लिही. एक, स्लेव्हचं बूट बोटाने मागे सार, आत ओलं आहे का. दोन, ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेट उचल, पेडलच्या वरून ऑइल ओघळलंय का, मास्टर मागून गळला की ते पेडलवरून खाली येतं आणि लोकांना वाटतं पावसाचं पाणी. ब्रेक ऑइल बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंग सोलवटतं, त्यावरून ओळख. तीन, चार-पाच वेळा पटापट पंप केल्यावर पेडल वर येतं का. चार, वर आलेलं पेडल तसंच दाबून धर, हळूहळू खाली बसतं का. गळती कुठेच दिसत नाही आणि तरी बसतं म्हणजे मास्टरच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. ते बाहेर कधीच दिसत नाही.

पेडणे_ते_पोळे – १२ जून

एक शक्यता कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. चार पावसाळे उभी होती म्हणता. माझी गाडी एकदा जून ते ऑक्टोबर हलली नव्हती, समुद्राजवळची खारी हवा, क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. पेडल एकदम व्यवस्थित, कडक, गळती नाही, आणि गिअर मात्र पडत नाही. मोकळ्या मैदानात पेडल दाबून ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये स्टार्टर मारला तेव्हा धक्क्याने सुटली. समोर भिंत, गाडी, माणूस काही नको हां, सुटली नाही तर गाडी पुढे उडी मारते.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – १२ जून

बरोबर आहे तुमचं, पण याची गाडी मार्चमध्ये चालत होती आणि पेडल रिकामं पडलंय. चिकटलेल्या प्लेटला पेडल रिकामं पडत नाही.

मये_रोडस्टर – १३ जून

काका, केलं सगळं. कार्पेट कोरडं. स्लेव्हचं बूट मागे सारलं तर अर्धा चमचा काळं ऑइल हातावर आलं. डबी भरून पंप केल्यावर पेडल वर येतं, दाबून धरलं तर दोन मिनिटं जागेवर राहतं, पण सोडून परत दाबलं की पुन्हा मऊ.

मग स्लेव्ह काढलाच, दोन बोल्ट आणि एक होज. पिस्टन काढून बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) पुसला आणि टॉर्च मारली. तोंडापासून साधारण दोन सेंटिमीटर आत खालच्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे सात-आठ, नख फिरवलं तर अडकतं. नव्या सीलच्या काठावर बरोबर तेवढ्याच जागी चीर.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – १३ जून

सापडला पहिला चोर. किट टाकणाऱ्याने बोअर बघितलाच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या हवेत तर जास्तच, ते पाणी ऑइलमध्येच मिसळून राहतं आणि गाडी नुसती उभी असते तेव्हा बोअरला गंज धरतो. खड्ड्यांवरून नवं रबर चालवलं की दोन आठवड्यांत कापलं जाणारच. बारीक डाग असते तर घासून निघाले असते, नखाला लागणारे खड्डे घासून जात नाहीत. एक तर नवा स्लेव्ह मागव, नाही तर बेळगावला उद्यमबागेत लेथवाल्याकडून स्टेनलेसची किंवा पितळेची स्लीव्ह मारून घे, मूळ मापात. मी दोन्ही केलंय, स्लीव्ह मारलेला सिलिंडर नव्यापेक्षा जास्त टिकतो कारण परत गंजतच नाही.

म्हापसा_शुक्रवार – १४ जून

मध्येच एक विनंती, डबीत काय घालताय ते कृपया बघा. माझ्या जुन्या गाडीच्या डबीत एका ठिकाणी पॉवर स्टिअरिंगचं तेल घातलं होतं, 'ऑइल ते ऑइल' म्हणून. आठ दिवसांत मास्टर, स्लेव्ह, होज सगळ्यांची रबरं फुगली, डबीच्या झाकणाचं वॉशर दीडपट झालं, पेडल खाली गेलं की वर येईना. सगळी रबरं फेकावी लागली. खनिज तेलाचा थेंबसुद्धा नको. डॉट ३ किंवा डॉट ४ च, आणि सीलबंद बाटली, अर्धी उघडी राहिलेली नको.

मये_रोडस्टर – ९ जुलै

मंडळी, उशीर झाला. बेळगावला जायचं तर चोर्ला घाटात त्या आठवड्यात पाऊस असा होता की हिंमत झाली नाही, म्हणून इंग्लंडहून नवा स्लेव्ह मागवला. काल बसवला, डॉट ४ भरलं, बायकोला पेडलवर बसवून नेहमीसारखी हवा काढली, 'दाब, धर, सोड', निदान चाळीस वेळा. गळती पूर्ण बंद. पेडलला वजन आलं.

पण रिव्हर्स अजून खर्रर्र करतोय. पहिला पडतो, जोर लावून. आता खरंच प्लेट का?

फोंडा_ओव्हरऑल – ९ जुलै

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नवा स्लेव्ह टाकून पण होत नाही म्हणजे आतलं काम आहे.

वेर्णा_टूलरूम – ९ जुलै

मी जास्त करून वाचतेच इथे, पण हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहिते. आतलं की बाहेरचं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, ते मोजता येतं.

या गाडीत मास्टरचा बोअर पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी आणि स्लेव्हचा सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. क्षेत्रफळं काढली तर २८५ आणि ७९२ चौरस मिमी, म्हणजे २.७८ पट. मास्टरचा पिस्टन २.७८ मिमी सरकला की स्लेव्हचा १ मिमी सरकतो, ताकद तेवढ्याच पटीत वाढते. स्लेव्हचा रॉड साधारण अर्धा इंच, १२.७ मिमी सरकायला हवा, त्यासाठी वर मास्टरचा रॉड ३५ मिमी आत जावा लागतो.

तर गाडीखाली जाऊन (जॅकवर नाही, स्टँडवर, चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद) स्लेव्हच्या रॉडवर पेनाने खूण करा, कोणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि खूण किती सरकते ते मोजा. १२ च्या वर सरकूनही खर्रर्र होत असेल तर दोष आत, फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा प्लेट. १२ पेक्षा बरंच कमी भरत असेल तर आतल्या भागांना बिचाऱ्यांना कोणी पुरतं दाबतच नाहीये.

मये_रोडस्टर – १० जुलै

ताई, तीनदा मोजलं. ७ मिमी.

वेर्णा_टूलरूम – १० जुलै

मग इंजिन राहू द्या जागेवर. साडेपाच मिमी कुठे जातायत ते शोधायचं. अडकलेली १ सीसी हवा जवळजवळ पूर्ण दबते आणि स्लेव्हचं सव्वा मिमी खाते, म्हणजे तीन सीसी हवा असेल, एका छोट्या इंजेक्शनएवढी, तर पावणेचार मिमी गेलेच. 'दाब, धर, सोड' करून आलेले बुडबुडे या गाडीत अर्ध्यातून परत वर जातात, कारण पाइप वर चढतो आणि हवेला खाली यायचं नसतं. उलटी काढा, खालून वर.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – १० जुलै

ताई म्हणतात तसंच कर. फार्मसीतून ५० सीसीची सिरिंज आण, नवी पारदर्शक नळी, सिरिंजमध्ये आणि नळीत हवा राहू देऊ नको, स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) लाव, निपल अर्धा फेरा उघड आणि हळू दाब. वर डबी आधी निम्मी रिकामी कर आणि बाजूला ओलं फडकं घाल, सांडलं तर मामांच्या गाडीचा रंग जाईल. सांडलंच तर पुसत बसू नको, भरपूर पाणी ओत, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं.

मये_रोडस्टर – १२ जुलै

काका, ताई, काय सांगू. बायको डबीवर टॉर्च धरून उभी होती, मी खालून सिरिंज दाबत होतो. पहिल्या वीस सीसीपर्यंत काही नाही, मग ती ओरडली 'आला, आला', एक वाटाण्याएवढा बुडबुडा, त्यामागे साबूदाण्यासारखे बारीक बारीक, थांबायचं नावच घेईनात. दोन सिरिंज घातल्यावर स्वच्छ झालं.

मोजलं. १०.५.

पेडलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. रिव्हर्स आता पाच-सहा सेकंद क्लच दाबून थांबलं तर गुपचूप पडतो, लगेच टाकला तर थोडा खरखरतो.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – १२ जुलै

हीच रिव्हर्सची परीक्षा लक्षात ठेव. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) नसतो म्हणून तो खोटं बोलत नाही. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबायचा आणि मोजायचं, गिअरबॉक्सच्या आतलं फिरणं थांबायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं चालतं. त्याहून जास्त लागले की क्लच अजून थोडा घासतोय.

आता होज. किती जुना आहे?

मये_रोडस्टर – १३ जुलै

मामांच्या वहीत क्लचच्या होजची नोंदच नाही, ब्रेकच्या होजची १९९४ ची आहे. म्हणजे बहुधा गाडीबरोबरचाच. बायकोने पेडल दाबलं तेव्हा मी होज मुठीत धरला. हाताला स्पष्ट कळतं, सापाने श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि बसतो.

फोंडा_ओव्हरऑल – १३ जुलै

हे मी कधी करून बघितलं नव्हतं. आज माझ्या गाडीचा होज धरून बघितला, तो अजिबात फुगत नाही. इंजिन उतरवायचा सल्ला मी परत घेतो.

म्हापसा_शुक्रवार – १४ जुलै

जुन्या होजचा उलटा आजार पण असतो. आतलं रबर सुजून नळी बंद होते, मग दाब जातो पण परत येत नाही आणि क्लच गरम झाल्यावर घसरायला लागतो, लोक प्लेट बदलतात. होज स्वस्त असतो, कधीचा ते माहीत नसेल तर बदलावा.

मये_रोडस्टर – ३ ऑगस्ट

नवा होज बसला, परत उलटी हवा काढली. ११.३. अजून मिमीभर कमी आहे. ताई, आता काय राहिलं?

वेर्णा_टूलरूम – ३ ऑगस्ट

ऑइलच्या बाजूने काही राहिलेलं दिसत नाही, मास्टर दाब धरतोय. आता पेडल आणि मास्टरचा रॉड यांच्यामधली पिन. पेडल हाताने, एका बोटाने, हळू खाली दाबा आणि रॉड हलायला लागेपर्यंत किती मोकळं जातं ते बघा.

स्लेव्हकडच्या पिनची झीज मोजू नका, तिथे आतली स्प्रिंग पिस्टनला कायम पुढे ढकलून ठेवते त्यामुळे ती झीज आपोआप भरून निघते. वरची तशी भरून निघत नाही. पेडलची परतीची स्प्रिंग पेडल मागे खेचते आणि जेवढी झीज तेवढा पाय रोज फुकट जातो.

मये_रोडस्टर – ५ ऑगस्ट

पेडल बॉक्सचं वरचं झाकण काढलं, त्याचे स्क्रू पन्नास वर्षांत कोणी हलवलेच नसावेत, दोन तोडावे लागले. आतली स्प्लिट पिन काढून क्लचची पिन हातात घेतली आणि बघतच राहिलो. दोन टोकं जाड आणि मधे कंबर. व्हर्नियर लावला, टोकाला ७.९ आणि कमरेला ६.३. पेडलचं भोक गोल राहिलेलं नाही, आंब्याच्या कोयीसारखं लांबट झालंय, जवळजवळ १ मिमी. रॉडच्या टोकाचं भोक पण थोडं. सगळं मिळून ३ मिमी.

शेजारीच ब्रेकची पिन आहे, ती काढून बघितली, जवळजवळ नव्यासारखी. क्लच किती वेळा दाबला जातो आणि ब्रेक किती वेळा, ते त्या दोन पिना शेजारी ठेवल्या की कळतं.

वेर्णा_टूलरूम – ५ ऑगस्ट

३ भागिले २.७८ म्हणजे १.०८. तुमच्या ११.३ मध्ये मिळवा. पेडलचं भोक वेल्डने भरून परत मापात पाडून घ्या, नुसती नवी पिन लांबट भोकात टाकली तर निम्माच फायदा.

मये_रोडस्टर – १४ ऑगस्ट

डिचोलीच्या एका वेल्डरने भोक भरलं, मिस्त्रींनी ड्रिल करून रीमर फिरवला, नवी पिन, नवी स्प्लिट पिन, सगळ्यावर ग्रीस. मोजलं १२.४. ताईंचा हिशेब एक दशांशाने पण चुकला नाही.

इंजिन चालू, क्लच दाबला, एक, दोन, तीन, रिव्हर्स. आवाज नाही. परत केलं. परत नाही. मामी दारात उभी होती, तिने फक्त विचारलं, 'झाली?' मी म्हटलं झाली.

इंजिन जागेवरच आहे. देव बरें करूं सगळ्यांना.

सांखळी_जुनं_वर्कशॉप – १४ ऑगस्ट

छान झालं रे. आता एक ऐक. या गाडीचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नाही, कार्बनचा ठोकळा आहे, तो प्रेशर प्लेटवर घासूनच काम करतो. फेरीच्या लायनीत क्लच दाबून उभा राहू नको, न्यूट्रल टाक आणि पाय काढ. तो झिजला की मात्र खरंच इंजिन काढावं लागेल. आणि दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की ऑइल बदल, वहीत लिही.

पेडणे_ते_पोळे – १५ ऑगस्ट

त्या पिनचा साइज काय होता? माझ्या गाडीचं पेडल पण वर बरंच मोकळं जातंय, आज हे वाचून हाताने दाबून बघितलं.

मये_रोडस्टर – १५ ऑगस्ट

पाच सोळांश इंच, ७.९ मिमी. आठ मिमीची घालू नका, भोक मूळ मापाचं असेल तर अडकते. आधी जुनी काढून कमरेला मोजा. मी दोन जास्तीच्या मागवल्या होत्या, एक तुमच्यासाठी ठेवतो, माटोळीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी म्हापशाला असेन, मामी बरोबर असेल, गाडी हिरवी आहे.